माया

रविवारी दुकान बंद.
खणभागातल्या गल्लीत शटर अर्धं वर,
आत मी, आणि शिवण शिकायला येणारी नसीमा.
चहासुद्धा घ्यायचा नाही आधी. डॉक्टर आवटींनी बजावलंय:
उपाशीपोटी, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत.
टेप ओढायची नाही, ढिली सोडायची नाही.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या कमरेला टेप लावली.
टेपखाली एक बोट राहतंच माझं.
बाई जेवेल, मांडी घालून बसेल, हसेल,
तेवढी जागा नको?
आता म्हणतात, तेच बोट काढून घ्या.

पोटाचं एकवेळ जमतं. दंडाचं कसं जमावं?
टेपचं टोक दातात धरलं
तर आकड्याकडं मान वळत नाही.
म्हणून नसीमा.

मापांच्या वहीत अख्खी गल्ली आहे,
सासवा, सुना, बँकेतल्या बाई, मागच्या वर्षी गेलेल्या जोग मावशी.
माझं पान नव्हतं.
माझे ब्लाऊज मी अंदाजानं शिवत आले.
आता शेवटून एक पान काढलंय उलटं:
छाती, बेंबी, सीट, दंड, मांडी.
मुंढा नाही, गळा नाही.
त्यांच्याशी डॉक्टरांना काय करायचंय.

पहिल्या रविवारी नसीमा म्हणाली,
"बेचाळीसला जरा वर, काकी."
हा सूर मी ओळखते.
माझाच आहे.
"कापड आटलंय हो तुमचं,
सुती पहिल्या धुण्यात जातंच,"
असं मीच म्हणत आले ना ट्रायलच्या पडद्याआडून.
म्हटलं, खरं सांग.
ती टेपकडं बघत राहिली.
"साडेत्रेचाळीस."
लिही.

दोन भाकरींची एक झाली.
भडंगाचा डबा नसीमाच्या घरी गेला, तिच्या भावांनी संपवला.
संध्याकाळी आयर्विनवरून सांगलीवाडी, आणि परत.
मेडिकलच्या दारातला काटा मात्र ब्याऐंशीवर,
तीन आठवडे,
हट्टी पोरासारखा बसून.

पावसाळ्यात या गावाला एकच प्रश्न असतो:
आयर्विनला किती?
फूट न् इंच उशाशी घेऊन झोपतो आम्ही.
चढतं तेव्हा पुण्याहून लेकाचे दहा फोन,
उतरायला लागलं की एकही नाही.
आणि उतरतं तर इंचाइंचानं,
चिखलाला वास येईपर्यंत.
भिंतीवर, मशीनच्या वरच्या अंगाला, त्या वर्षीची रेघ आहे.
दोनदा रंग मारला. डोकावतेच.
माझ्या पोटावरही आहेत तशा,
तोच लेक येऊन गेल्याच्या.

पाचव्या रविवारी नसीमा म्हणाली, "बेचाळीस."
पुन्हा घे म्हटलं.
"बेचाळीसच."
बोट तर नाही ना घातलंस?
तिनं दोन्ही हात वर करून दाखवले,
टेप घसरून पायाशी पडली,
आणि आम्ही दोघी
रिकाम्या दुकानात किती वेळ हसत होतो.

मग निळा ब्लाऊज उसवला.
आत दोन्हीकडं इंच इंच माया.
शिवणीत दडवून ठेवतात त्या कापडाला मायाच म्हणतात आमच्यात.
सगळ्यांच्या ब्लाऊजात सोडत आले मी,
कुणाला न सांगता,
कारण अंग वाढणार हे मला
त्यांच्या आधी दिसायचं.
स्वतःच्यातही सोडली होती की!
कधी, ते आठवत नाही.

नवी टीप टाकली. अंगाबरोबर बसला.
माया आणखी रुंद झाली आत, काखेखाली टोचतेय थोडी.
नसीमा कात्री घेऊन आली,
"काकी, जादाचं कापू?"

मी खालच्या फळीकडं बघितलं.
रिकामी आहे.
पूर आला त्या वर्षापासून
तिथं एक ठाण ठेवलेलं नाही मी,
भर उन्हाळ्यात
नदीचं वाळवंट दिसतं तेव्हासुद्धा.

"राहू दे," म्हटलं,
"हातशिलाईनं दाबून टाक."