अडीच बाय सहा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझं दुकान रस्त्यावर येतं.
लोखंडी कॉट, अडीच बाय सहा,
डोक्याच्या बाजूला ऑइलपेंटनं नंबर,
एकपासून एकशे चाळीसपर्यंत.
गादीसकट महिना साडेतीनशे, अनामत हजार.
जतची पोरं, लातूरची, पार गडचिरोलीची,
नवीन चपला घालून उभी.
विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत प्रत्येक जिन्यात कॉट अडकते.
तिरकी धरा. आता उभी. बोटं सांभाळा.
वर बिरनाळे मास्तरांच्या गच्चीवर तीन खोल्या वाढल्यात,
प्लास्टर अजून ओलं, भाडं ठरलेलं.

अब्बांच्या खांद्यावर पिंजण असायचं.
तारेचा आवाज आला की बायका उशा घेऊन दारात.
चार महिने लग्नसराई, आठ महिने उधारी.
तेव्हा सांगलीत पैसा म्हणजे हळद.
रुमालाखाली बोटं दाबली की भाव ठरला,
दोन-तीन महिने हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या,
मग पावसाळाभर गाव खोकत बसायचं.
कॉलेजचा पैसा तसा नाही.
तो एक तारखेला येतो, दहाला संपतो.
अक्काताई चौगुलेंच्या डब्यात जातो,
तिथून पिठाच्या गिरणीत,
गिरणीवाल्याच्या पोराच्या क्लासला,
आणि फिरत फिरत माझ्या गल्ल्यात पडतो
तेव्हा त्याला आमटीचा वास असतो.

काल एक मुलगी फॉर्म घेऊन आली.
हर्षदा खंडागळे, एम.ए., अर्थशास्त्र,
कॉट नंबर एक्याऐंशी.
संस्थेचा परिसराच्या अर्थकारणावर परिणाम, असं काहीतरी वर छापलेलं.
वार्षिक उलाढाल? कामाला किती माणसं?
मग मान वर न करता विचारते,
"काका, कॉलेज नसतं तर तुमचं उत्पन्न किती असतं?"

हसूच आलं.
बाई, ते आम्ही करून बघितलंय.
त्या मार्चात पोरं गेली, बादल्या ठेवून, दोरीवर टॉवेल ठेवून.
एकशे चाळीस कॉट शेडमध्ये एकावर एक,
गाद्यांत उंदरांनी बाळंतपणं केली.
सुनील शिकलगारनं झेरॉक्सच्या मशीनवर चादर घातली,
मयतावर घालतात तशी.
अक्काताई कणकेची परात उलटी मांडून
तिच्यावर कोथिंबीर विकत बसल्या, पाचला जुडी.
मास्तरांच्या खोल्यांचा हप्ता तेवढा
कुठं न जाता, कुणाला न भेटता कापला जायचा.
लिही हे.
ती म्हणाली, आकडा लागेल.
शून्य लिही.
शून्याच्या खाली रकाना असला तर तिथं लिही.

पुढचा प्रश्न: कुटुंबाला झालेला इतर लाभ.
आमची तहसीन.
इथंच शिकली, सायकलवरून, घरचा डबा घेऊन,
माझ्या एकाही कॉटवर कधी झोपली नाही.
आता पुण्यात कंपनीत आहे,
कुणाच्या तरी कॉटवर झोपते, महिना नऊ हजार,
गादी फोमची.
फोनवर म्हणते, पाठ धरते अब्बा.
हा लाभ लिहायचा का, मला कळेना.
दुसऱ्यांची पोरं येतात, पैसे ठेवून जातात.
आपली जातात, पैसे पाठवतात.
गावात कॉट राहतात.

मुलगीचं पेन थांबलं.
उदगीरला पप्पांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आहे, एवढंच म्हणाली.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

फॉर्म पिशवीत घातला, पायरी उतरली,
परत वळली.
"काका, एक्याऐंशीची गादी मधोमध खचलीय."
रविवारी आण, म्हटलं. पिंजून देतो.
मशीनवर नको, हातानं करतो.
"किती?"
दोनशे तोंडावर आले होते.
दीडशे, म्हटलं.
तिनं पायरीवर बसूनच
पिशवीतून दुसरा फॉर्म काढला, तिचा स्वतःचा,
आणि विद्यार्थ्याचा मासिक खर्च, किरकोळ,
तिथं दीडशे वाढवले.