अकरा महिने

दलाल म्हणाला, "बेन, भाव तर बोला,"
आणि मी त्याच्याकडेच पाहत राहिले,
भाव तो बोलेल म्हणून.
एकतीस वर्षांची सवय.
घर दाखवणारा आकडा टाकतो
आणि आपण पर्समधल्या नोटा मनात मोजत
"थोडं खाली या ना" म्हणतो,
एवढंच भाडेशास्त्र मला येतं.

मांजलपूर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
एक खोली, एक हॉल, एक बाल्कनी
जिच्यातून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धुता धुता
बोटांची जी साल गेली, तिचं हे झालं,
वर पतपेढीचं कर्ज.
हप्ता एवढा, की तिथे राहणं परवडत नाही.
म्हणून मी रावपुऱ्यातच, ठक्करांच्या माडीवर,
जुन्या भाड्यात,
आणि माझं घर दुसऱ्या कुणासाठी.
मावशीला हे गणित समजावलं तर ती म्हणाली,
म्हणजे नक्की कोण गं तू?

नळाला वायसर, पंख्याला कंडेन्सर,
गिझर हप्त्यावर.
शेजारीण म्हणाली, नर्स नको, रात्रीबेरात्री येतात.
मेव्हणा म्हणाला, कॉलेजची पोरं नकोत, पोरीही नकोत,
वकील तर मुळीच नको.
उरलं कोण?

वेरावळची धर्मिष्ठा उरली.
सयाजी हॉस्पिटलात नर्स.
चपला दाराबाहेर काढून
तिनं आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली,
हात बाहेर काढून पाहिला
आणि विचारलं, वारा कुठून येतो?
ती काय विचारतेय ते मला कळलं.
आम्ही सीकेपी. अशा खिडक्या मीही उघडल्यात.
पापलेट म्हणजे करेलीबागेत, मामेबहिणीकडे, रविवारी,
आणि परतताना तोंडात वेलदोडा.

कोर्टापाशी, छत्रीखाली, नोटरीच्या टेबलावर
छापील करार तयारच होता, नावं तेवढी भरायची.
कलम सात : भिंतींना खिळे ठोकू नयेत.
कलम नऊ : मांस-मच्छी शिजवू नये.
सोसायटीचे सेक्रेटरी सोबत आलेले. म्हणाले,
"आपणे त्यां तो आ नियम छे, बेन."
मी पेन मागितलं.
नऊवर रेघ मारली, बाजूला सही केली.
सही थरथरली थोडी, पण माझीच.
सेक्रेटरींनी चहा अर्धा ठेवला.
सात मात्र राहू दिलं.
रंग ताजा होता, हो.
सतरा हजार लागले होते नुसत्या रंगाला.

एक तारीख.
सकाळी ठक्करांना भाडं दिलं, जिन्यातच,
त्यांनी नेहमीसारखं आधी खोकून घेतलं.
संध्याकाळी मांजलपूरचे तीन मजले चढले,
बेलवर बोट नेलं
आणि माझ्या घशातून
तोच खोकला आला.

दार उघडलं. हळद, तेल, समुद्र.
तिनं पाणी दिलं, लिफाफा दिला,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील,
"बाए मोकल्युं छे, तमारा माटे."

फ्रिजवर तिच्या वडिलांचा फोटो, हार घातलेला,
भिंतीला नुसता टेकवलेला,
घसरू नये म्हणून पायाशी काडेपेटी.
ठक्करांकडे माझे बाबाही तसेच,
टीव्हीवर. टीव्ही तीन झाले, बाबा तिरकेच.
ठक्करांचाही रंग ताजाच होता तेव्हा.

ती भिंतीकडे पाहत नव्हती.
मीच पाहत होते.
कोरी, दृष्ट लागेल अशी.

नोटा मोजल्या.
बरोबर होत्या, तरी पुन्हा मोजल्या.
पावती लिहून दिली, बोलले काहीच नाही.
बोंबील पिशवीच्या तळाशी घातले,
वर कोथिंबिरीची जुडी आडवी ठेवली.
ठक्करांचा जिना चढायचा होता अजून.