सानुग्रह

मी पिग्मीवाली.
सोळा वर्षं सेलूच्या बाजारपेठेत
संध्याकाळी माझी चप्पल वाजली की
लोक गल्ल्यात हात घालायचे.
खय्यूम पंक्चरवाला वीस,
त्र्यंबक उफाडे चहावाला पन्नास,
कडूबाई कासारीण दहा, कधी पाच.
पाचाला ती लाजायची
तेव्हा मीच म्हणायचे, असू द्या मावशी,
बँकेला पाचाची लाज नाही.

मग एका मंगळवारी शटर अर्ध्यावर आलं.
अर्ध्यावर. पूर्ण पडलं असतं तर
माणूस रडून मोकळा तरी झाला असता.
वाकून आत गेलं की कळायचं,
सहा महिन्यांत पाच हजार मिळतील,
त्यालाही अर्ज, फोटो, आधारची झेरॉक्स.
कर्ज कुणाला दिलं होतं ते पेपरात आलं:
एक जिनिंग, जी कधी उभीच राहिली नाही,
एक गोदाम, ज्याच्या जागेवर बाभळी आहेत.
शिव्या मात्र मला आल्या.
साहेब परभणीला राहायचे,
मी गावातच होते.

सरकारनं हात दिला. एकशे चाळीस कोटी.
शून्यं मोजताना त्र्यंबकचा चहा उतू गेला.
खय्यूम म्हणाला, म्हणजे आपलेच बुडाले
आणि आपल्याच पैशानं आपल्याला काढणार.
काढू द्या. निघालो तरी बास.

मार्च सरता सरता फळ्यावर नोटीस लागली.
विषय क्रमांक सात:
बँक सावरण्याच्या काळातील विशेष परिश्रमांबद्दल
वरिष्ठ अधिकाऱ्यांस सानुग्रह रक्कम.
कडूबाईला वाचून दाखवलं
तर तिला वाटलं, नवग्रहाची शांती असंल.
मी आकडे सांगितले.
मुख्य कार्यकारी अधिकारी, अठ्ठावीस लाख.
ज्यांच्या सहीनं बाभळींना कर्ज गेलं
ते दोघं, अकरा-अकरा.
ती गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगडी चढवत होती.
चढवून झाल्यावर म्हणाली,
"घर बी ह्यांनीच पेटवलं
अन् विझवायची मजुरी बी ह्यांनाच का वो?"

सभा मंगल कार्यालयात.
कालच्या लग्नाच्या अक्षता
अजून सतरंजीत अडकलेल्या.
पुढच्या दोन रांगा एका दमात म्हणाल्या, मंजूर.
मागं आम्ही तीनशे माणसं,
आणि माईकची वायर तिसऱ्या रांगेपाशी संपत होती.
वामन डुकरे, शाळेतला रिटायर शिपाई,
जन्मात घंटेपेक्षा मोठा आवाज न केलेला,
खुर्चीवर चढला.
"पोरीच्या ऑपरेशनला माझेच पैसे मागितले
तर म्हणले नियम.
तुमच्या मापाचा नियम कोण शिवून देतो वो?"
खुर्ची प्लास्टिकची, तिचे पाय फाकत चालले.
कुणी तरी हसलं.
मग कुणीच हसलं नाही.
तीनशे माणसं पुढं सरकली,
आणि साहेब स्वयंपाकघरातून,
खरकट्या कढया ओलांडत,
मागच्या दारानं गेले.

एजंटांनाही अनुग्रह झाला होता.
भिंतीवरचं घड्याळ,
सोनेरी अक्षरांत बँकेचं नाव.
आत सेल नव्हता.
ते पिशवीत घालून मी घरी निघाले,
सोळा वर्षांत पहिल्यांदा मागच्या गल्लीनं,
आणि कडूबाई नेमकी तिथंच भेटली.
"काय हाय पिशवीत?"
दाखवलं. दुसरं काय करणार?

खय्यूमनं ते तारेनं
बँकेच्या शटरला बांधलं.
किती वेळ लावतेत ते तरी बघू, म्हणाला,
पण ह्यात सेल टाका आधी.
कुणी रुपया काढला, कुणी दोन,
आणि माझा हात, निलाजरा,
आपोआप पावतीपुस्तक शोधायला गेला.
सगळे गप्प झाले.

"लिही," कडूबाई म्हणाली.
"पर ह्या बारीला
दोन्ही परती आमच्याकडं."