खरखर

कारूच्या माळावर आम्ही बोलत नाही फारसं.
मोबाइल गावात ठेवून यायचं. गाडी डिझेलची,
पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगीसुद्धा इथे दंगा ठरते.
मेसमधला मायक्रोवेव्ह लोखंडी पिंजऱ्यात असतो,
जन्मठेपेच्या कैद्यासारखा.

बाहेर पांढऱ्या तबकड्या
एकाच दिशेला माना वळवून उभ्या,
मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करतात तशा.
त्यांना ऐकायचंय
पहिला तारा पेटायच्या आधीचं काही.
हायड्रोजनच्या एकट्या अणूनं
अंधारात कूस बदलावी, एवढंच.

आणि रोज संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी
पडद्यावर एक टेंगूळ यायचं.
वीस-बावीस मिनिटं राहायचं, जायचं.
रविवारी जास्त वेळ.
"रविवार पाळणारं विश्व," क्विन्टन म्हणाला,
"तुझ्या आईला कळव, लिंडेल्वा."
मी हसले नाही. थोडी हसले.

हातात अँटेना धरून तीन दिवस हिंडलो
पाणाड्यासारखे, काटेरी झुडपांतून.
टेकडीमागे दगडावर दगड रचलेलं गोल घर,
दाराशी ट्रकची बॅटरी,
बॅटरीला जोडलेला रेडिओ, मागची फळी तारेनं बांधलेली,
आणि फ्लोरिस काम्फर. सगळे त्याला ऊम म्हणतात. काका.
एका कानानं बहिरा. हा रेडिओ जप्त करायचा होता.
त्यानं आधी कॉफी ओतली.

"तिकडे ऐकता काय तुम्ही?"
सांगितलं. तेरा अब्ज वर्षं, आणि वर काही कोटी.
तो मान हलवत राहिला,
लांबच्या नातलगाची खुशाली ऐकावी तसा.
"आणि त्याच्या आधी?"
"माहीत नाही."
"असं म्हणायची मुभा आहे तुम्हाला?"
"त्याचाच पगार मिळतो, ऊम."
तो इतका हसला की कॉफी बशीत सांडली.
"आमच्या पाद्र्याला शिकव हे."

मग कशी कोण जाणे, मीच त्याला
दोन स्टेशनांच्या मधे काटा आणायला सांगितला.
खरखर.
म्हटलं, यात हजारातला एखादा दाणा,
असलाच तर,
त्या पहिल्या उजेडाचा आहे. बाकी सगळी वीज, हवामान,
आणि या डबड्याचं स्वतःचं दुखणं.
त्यानं चांगला कान जाळीला टेकवला.
"कुठला दाणा?"
"ओळखता येत नाही."
"हं."

सात वाजले. सात-दोन.
काट्याच्या जरा डावीकडे, बोटभर अंतरावर
त्याची रोजची प्रार्थना सुरू झाली असणार.
तो हलला नाही.
मी एकोणिसाव्या वर्षी आईच्या देवळातून उठले होते,
पांढरे झगे, निळे कमरपट्टे, ढोल, सगळं मागे टाकून,
तोंडात समीकरणं घेऊन. आणि आता मलाच
त्याचा हात धरून काटा डावीकडे सरकवावासा वाटत होता.
"ऊम, प्रार्थना."
"चालू दे. ती थांबते माझ्यासाठी.
हे थांबेल का, ते तू सांग."

मला सांगता आलं नाही.
बाहेर क्विन्टननं दोनदा हॉर्न वाजवला.
तिसऱ्यांदा नाही वाजवला.

रेडिओ त्यानं स्वतः उचलून दिला,
घोंगडीत गुंडाळून, जणू झोपलंय कुणी.
गाडीत तो माझ्या मांडीवर. बॅटरी नव्हती,
तरी मी दोनदा बटण फिरवून पाहिलं.
क्विन्टन फॉर्म भरत होता, टॉर्च दातांत धरून.
"व्यत्ययाचा उगम?" त्यानं विचारलं.
"काम्फर," मी म्हटलं. "टेकडीमागचं घर."
त्यानं लिहिलं.
चला. एक तरी उगम सापडला.