बाणातला ण

मुळ्ये गुरुजींनी पंचांगावरून बोट उचललं.
हस्त, म्हणाले, तिसरा चरण. अक्षर येतंय ण.
मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
तरी ण.

वहिनी हसली, टाके दुखतात म्हणून अर्धंच.
हेमंतच्या मोबाइलमध्ये दोनशे नावं साठलेली,
निम्म्यांचा अर्थ देवाची देणगी,
उरलेल्यांचा सूर्याचं पहिलं किरण.
ण कुठेच नाही.
रामबागेतल्या वाचनालयात मी शब्दकोश उघडला,
ढ संपला की सरळ त.

अंकलिपीतही तो एकटा कधी आला नाही,
बाणाच्या पाठीमागे लपून आला.
आणि इंदुरात तर तो फक्त घरातला.
शाळेत पानी, घरी पाणी;
उंबऱ्यात चपला काढायच्या
आणि जीभ मागे वळवायची.

न घेऊ ना, हेमंत म्हणाला, जवळचाच आहे.
आत्या मी. नाव माझ्या तोंडून पडायचं होतं.
मला ते जवळचंच टोचत राहिलं.

समोरच्या कासलीवाल काकी वाटी परत द्यायला आल्या,
ऐकलं, आणि कपाळावर हात मारला.
"ण नहीं मिल रहा? हमारा तो दिन ही ण से शुरू होता है!"
मग दारातच उभ्या राहून सांगत गेल्या,
प्राकृतात तुमचे सगळे न ण होते.
णयण म्हणजे डोळा. णयर, गाव. णिसा, रात्र.
आणि नदी? मी विचारलं.
"णई."

कुठली नदी? वहिनीने आतून विचारलं.
एक दिवसाआड नळाला येते ती, मी म्हटलं.

हेमंतने कागदावर लिहून दाखवलं, एन, ए, आय.
निगमवाला नाई वाचेल, ताई.
शाळेत रोज हजामत होईल पोरीची.
त्याचं खोटं नव्हतं.
दाखल्यावर निहारिका गेली.

बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून कुर्र्र केलं,
पाठीत धपाटे पडले, काकींचा सगळ्यांत जोरात,
आणि त्या धपाट्यासरशी
शब्द माझ्या तोंडून तिच्या कानात गेला.
ती जांभई देत होती.

घुगऱ्या घेताना रेवाबाईने विचारलं, क्या रखा?
णई.
नई? अच्छा है। नई ही तो है।
मी दुरुस्त करणार होते,
पण तिने तोवर पोरीला उचललं होतं,
आणि नई नई म्हणत ती तिला गच्चीकडे घेऊन गेली.

अजून दात नाहीत तिला.
जिभेचं टोक उलटं टाळूला लागायला
दोन-अडीच वर्षं जातील,
तोवर जग सगळं न.
मग एखाद्या दुपारी घामाघूम होऊन येईल
आणि रिकामा पेला पुढे करेल.

काय मागते,
ते ऐकायला मी कान देऊन बसणार आहे.