क्रोम

डिसेंबर लागला की खोबरेल गोठतं
आणि खडकीच्या आमच्या गल्लीत
येझदीच्या टाकीवर पहाटे दव धरतं.

आधी दव टिपायचं, मग तेल.
उलटं केलंस तर पाणी आतच कोंडतं,
हे खुर्चीतून सांगतात.
गुडघा बदलल्यापासून किक बंद, सूचना चालू.

मी बाटली उन्हात ठेवते.
जुन्या बनियनचा बोळा.
सायलेन्सर, मडगार्ड, हँडल,
हेडलाइटची ती कड,
जिच्यात माझं नाक भोपळ्याएवढं दिसतं.

नाना पेठेतला तांबोळी म्हणाला होता,
वहिनी, क्रोमला बारीक भोकं असतात,
गंज तिथून शिरतो, आतून फुगतो,
वरून चकचकीतच दिसतं बरेच दिवस.
मी नुसती मान हलवली होती.

आज मागच्या फूटरेस्टजवळ
मोहरीएवढा ठिपका सापडला.
माझ्याच टाचेची जागा.
सव्वीस वर्षं घासली असेल तिथे,
एकदा तर पार पानशेतपर्यंत, भांडत.

"झालं का गं?"
"झालं."
ठिपक्यावर बोट तसंच.

ताडपत्री नाही घातली, तिच्याखाली घाम धरतो.
सोलापुरी चादर टाकली,
खालून वीतभर उघडी,
वारा लागू दे.