पायगुण

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी
आईनं केरसुणी खाटेखाली दडवली.
तीन दिवस केर काढायचा नाही, नशीब झाडलं जातं.
तीन दिवस कुणाला पैसा द्यायचा नाही, रडायचं नाही,
आणि डॉक्टरचं तर नावच नको.
तेतच्या पहिल्या दिवशी औषध घेणारा
वर्षभर औषधच घेतो.

बाबांना हे सगळं पाठ होतं,
म्हणून ते भिंतीकडे तोंड करून
कण्हणं उशीत कोंबत राहिले.
"बान्ह चुंग जरा जास्त झाला," म्हणाले.
त्यांच्या वाटणीच्या बान्ह चुंगची
पानाची गाठसुद्धा सुटली नव्हती.

नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल कुणाचं
तेही महिनाभर आधी ठरलेलं:
थुआत काका. दोन मुलगे, दोन ट्रक,
आणि जन्मवर्ष बाबांच्या वर्षाशी जुळणारं.
सकाळी सातला येणार होते, नव्या कोटात.

नदीपलीकडे शोभेची दारू उडाली.
दोनच्या सुमाराला बाबा हिरवं ओकले.
मी बाक निन्हच्या कारखान्यात
फोनच्या भिंगांवरचे डाग शोधते,
दिवसाला चार हजार भिंगं.
बाबांच्या चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं
आणि अंगणात जाऊन आरोग्यकेंद्राला फोन लावला.

न्यान आली. स्कूटर, रेनकोट, खांद्याला पिशवी.
फाटकाबाहेरच थांबली.
बाहीवर टाचलेला काळा चौकोन
रेनकोटातूनही दिसत होता.
तिचा नवरा हायफाँगला परांचीवरून पडला,
त्याला अजून वर्ष व्हायचं होतं.
"मला सुतक आहे," ती म्हणाली. "त्यांना बाहेर आणा."

आई काहीच बोलली नाही.
या, असंही नाही.
ते न बोलणं किती वेळ चाललं
मला अजून सांगता येत नाही.

मग आम्ही बांबूची खाट अंगणात ओढली.
वरून पाऊस, पाऊस कसला, पीठ चाळल्यासारखं काही.
न्याननं आधी आपला हात काखेत ऊब दिला,
मग बाबांच्या पोटावर ठेवला,
उजवीकडे खाली दाबला,
आणि सोडला.
सोडल्यावर बाबा ओरडले.
आमच्या गल्लीनं नव्या वर्षात ऐकलेला
तो पहिला आवाज.

"तिसऱ्या दिवशी बघू," बाबा पुटपुटले.
"तिसरा दिवस कसला," न्यान म्हणाली,
"हातात तास आहेत, तेही थोडे."

रुग्णवाहिका एका दारुड्याला आणायला गेलेली.
स्कूटर न्याननं चालवली, मध्ये बाबा,
मागे मी, आणि आम्हा तिघांना
आईच्या नव्या लोकरी शालीनं एकत्र बांधलेलं.

जिल्ह्याच्या इस्पितळात सलाइनच्या रिकाम्या बाटलीत
कुणीतरी पीचची फांदी खोचली होती.
ड्यूटीवरचा डॉक्टर सपाता घालून आला,
जांभई देऊन मग हात धुतले.
पैसे भरायच्या खिडकीशी आईची मूठ उघडेना,
पहिल्याच दिवशी लक्ष्मी बाहेर कशी घालवायची?
मी तेराव्या पगाराचं पाकीट फोडलं.
कारकुनानं पावतीबरोबर
नववर्षाच्या शुभेच्छाही दिल्या.

सातला काकांचा फोन. "फाटकाला कुलूप आहे!"
आई म्हणाली, "राहू दे."
त्या दिवशी आमच्या घरात
कुणाचंच पाऊल पडलं नाही.

दुपारी बाबांनी डोळे उघडले,
पाणी मागितलं, मिळालं नाही,
मग सदरा मागितला.
खिशात नातवासाठी ठेवलेलं लाल पाकीट होतं.
न्याननं ते दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं नाही.
ती बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती.

आईनं खुर्ची तिच्याजवळ सरकवली.
"तुझं जन्मवर्ष कुठलं गं?"
"मांजराचं."
आईनं बोटांच्या पेरांवर मोजलं.
पुन्हा पहिल्या पेरापासून मोजलं.
"जुळत नाही," म्हणाली,
आणि ती ओली शाल
तिच्या गुडघ्यांवर पसरली, काळजीपूर्वक,
कोरडी बाजू आत.